सातशे डॉलरचा कान

गॅजेट घ्यायचं म्हटलं की आपली पहिली उडी फीचर्सवर. कॅमेरा किती मेगापिक्सेल, बॅटरी किती तास, स्क्रीन केवढा... मग त्यातली निम्मी फीचर्स आपण कधी उघडूनही बघत नाही, तो भाग वेगळा! पण एका गॅजेटच्या बाबतीत हा हिशेब साफ उलटा पडतो. ते म्हणजे डिजिटल रेडिओ स्कॅनर.

कागद स्कॅन करतो तो नव्हे हं. हा पोलीस, फायर ब्रिगेड, अँब्युलन्स यांच्या वायरलेसवरचं बोलणं शोधून ऐकवतो. अमेरिकेत हा जुना आणि बहुतेक ठिकाणी कायदेशीर छंद आहे. न्यू जर्सीत नोकरी करणारा माझा मावसभाऊ सध्या याच नादाला लागलाय. ‘दादा, कुठलं मॉडेल घेऊ?’ असं त्याने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ‘मॉडेल राहू दे. तुझ्या गावच्या हवेत काय चालतं, ते आधी बघ.’

पूर्वी फ्रिक्वेन्सी लावली की आवाज यायचा. आता बऱ्याच शहरांत ट्रंकिंग असतं. म्हणजे मोजकी चॅनेल्स अनेक खाती वाटून वापरतात आणि कोणी कुठल्या चॅनेलवर जायचं, हे कंट्रोल चॅनेल क्षणोक्षणी सांगतं. बँकेत ‘टोकन अमुक, काउंटर तीन’ असा पुकारा होतो ना, अगदी तसंच. हा पुकारा स्कॅनरला कळला नाही, तर अर्धं वाक्य इथे आणि उरलेलं भलतीकडे.

त्यात पद्धतीही वेगवेगळ्या. तिकडच्या पोलीस-फायरची मुख्य डिजिटल पद्धत म्हणजे पी-२५. तिच्या ‘फेज २’मध्ये एकाच चॅनेलवर दोन संभाषणं आळीपाळीने बसवलेली असतात, फक्त ‘फेज १’ समजणारा स्कॅनर तिथे मुका. डीएमआर, एनएक्सडीएन या आणखी दोन. काही मॉडेल्समध्ये त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजून अपग्रेड घ्यावं लागतं.

सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे सायमलकास्ट. तोच संदेश, त्याच फ्रिक्वेन्सीवर, अनेक टॉवर्सवरून एकदम. दोन टॉवर्सचे सिग्नल किंचित मागेपुढे पोचले की भल्याभल्या स्कॅनर्सची बोबडी वळते. सिग्नलचे दांडे मात्र फुल्ल! युनिडेन कंपनीने २०१८ मध्ये एसडीएस१०० आणला, तो मुख्यत्वे याच दुखण्यावर उतारा म्हणून. किंमत साडेसहाशे-सातशे डॉलरच्या घरात. पण गावात सायमलकास्टच नसेल, तर एवढा खर्च कशाला? सॉफ्टवेअरशी झटापट करायची तयारी असेल, तर कॉम्प्युटरला लावायचा आरटीएल-एसडीआर डोंगल याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी पैशांत येतो. मूळचा टीव्हीसाठीचा, पण २०१२ पासून हौशी मंडळींनी त्याचा रेडिओ करून टाकलाय. आणि झटापट नकोच असेल, तर झिप कोड टाकला की आसपासची चॅनेल्स आपोआप लावणारा स्कॅनर बघावा. नवशिक्याला दहा फीचर्सपेक्षा हे एक जास्त कामाला येतं.

कायद्याचंही बघायला हवं. न्यू जर्सीची नदी ओलांडून न्यूयॉर्क राज्यात शिरलात, की पोलिसांची फ्रिक्वेन्सी पकडणारा रिसीव्हर परवानगीशिवाय गाडीत ठेवणं हा गुन्हा. हौशी रेडिओचं लायसन्स असेल तर सूट. आपल्याकडे मात्र पोलिसांचा वायरलेस ऐकायच्या भानगडीत पडूच नका बॉस, हा इथला छंद नव्हे.

पण खरी गोम पुढेच आहे. चॅनेल एन्क्रिप्टेड असेल, तर सातशे काय, सात हजार डॉलर मोजा. दुकानात मिळणारा कुठलाही स्कॅनर ते कुलूप उघडत नाही. आणि अशी कुलपं वाढतायत. शिकागो पोलिसांनी २०२२ मध्ये एन्क्रिप्शन सुरू केलं आणि लोकांसाठी तेच बोलणं अर्ध्या तासाने ऐकवायची सोय ठेवली. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून सुरुवात केली. पोलिसांचं म्हणणं असं, की गुन्हेगारही ऐकतात, शिवाय पीडितांची नावं-पत्ते हवेत जातात. मुद्दा खोटा नाही.

पण याच न्यूयॉर्कमध्ये ‘वीजी’ या फोटोग्राफरला १९३८ मध्ये गाडीत पोलिसांचा रेडिओ ठेवायची परवानगी मिळाली होती. त्या जोरावर तो घटनास्थळी पोचायचा आणि रात्रीचं शहर सकाळच्या पेपरात दिसायचं. पोलिसांव्यतिरिक्त आणखी कोणीतरी तिथे वेळेवर हजर असायचं, हे महत्त्वाचं. अर्ध्या तासाने पोचणाऱ्याला काय दिसणार? रस्ता धुऊन झालेला असतो, आणि उरते फक्त अधिकृत माहिती.

म्हणून माझं मत सरळ आहे. नावं-पत्ते, चालू धाडी यांना कुलूप जरूर लावा. रोजचा कॉल मात्र उघडा राहू द्या. सगळंच बंद झालं, तर हौशी माणसाला दुसरा छंद मिळेल. पण त्या शहराला असे फुकट ऐकणारे कान पुन्हा कुठे मिळणार?