वही एकदम मिटू नका

दुकानात किंवा कारखान्यात संगणक आणावा की नाही, हा वाद आता संपला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हापासून विवरणपत्रे पोर्टलवर भरावी लागतात. १ ऑगस्ट २०२३ पासून तर ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर गेली आहे, त्यांना दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास माल विकताना ई-इनव्हॉइस काढणे बंधनकारक झाले. यंत्रमागवाले असोत, कापडाचे ठोक व्यापारी असोत, बेकरीवाले असोत की चामड्याच्या वस्तू बनविणारे कारागीर असोत, आज ना उद्या सर्वांनाच हिशोब संगणकावर न्यावा लागणार आहे. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा या लेखाचा विषय नाही. घेतलेले सॉफ्टवेअर कोणत्या दिवशी आणि कोणत्या क्रमाने चालू करावे, याचा विचार आपले व्यापारी बंधू करीत नाहीत आणि नुकसान नेमके तेथेच होते.

माझ्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याचे उदाहरण सांगतो. सवलत महिनाअखेरपर्यंतच आहे असे विक्रेत्याने सांगितले, म्हणून त्यांनी ऐन रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात नवे सॉफ्टवेअर बसविले. मुनीमजींची वही त्याच दिवशी कपाटात गेली. शेवटच्या दहा दिवसांत गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. अर्ध्या मालावर बारकोड लागलेलाच नव्हता. काउंटरवरच्या मुलांनी विक्री साध्या कागदावर लिहून ठेवली आणि ते कागद पुढे कधीच जुळले नाहीत. ईदनंतर उधारी वसूल करायला निघाले, तर लोकांनी भरलेल्या रकमा जमा दिसेनात. वीस वर्षांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला चुकते केलेल्या पैशांचा तगादा गेला. त्याने वाद घातला नाही, फक्त पुन्हा दुकानात पाऊल ठेवले नाही. यंत्र बिघडले नव्हते. बेत चुकला होता.

ही चूक लहान माणसाचीच असते असे कोणी समजू नये. हर्शीज ही अमेरिकेतील चॉकलेटची नामांकित कंपनी. तिने सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून नवी संगणक प्रणाली उभारली. चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकायचे ठरले आणि प्रणाली चालू झाली ती जुलै १९९९ मध्ये. अमेरिकेत ऑक्टोबरअखेर हॅलोविनचा सण येतो, पाठोपाठ नाताळ. मिठाईचा खरा हंगाम तोच. गोदामात माल पडून होता, दुकानदारांच्या मागण्या हातात होत्या, पण संगणकाला माल कोठे आहे ते कळेना. सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या वेळेवर पुऱ्या झाल्या नाहीत आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. त्याच कंपनीने २००२ साली त्याच प्रणालीची पुढची आवृत्ती बसविली. या वेळी चाचणीला पुरेसा वेळ दिला आणि काम सुरळीत पार पडले. म्हणजे दोष संगणकाचा नव्हता, घाईचा होता.

ब्रिटनमधील टीएसबी बँकेची गोष्टही अशीच आहे. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारात जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नेली. आकडे व्यवस्थित पोहोचले, पण नवी प्रणाली गर्दीचा भार पेलू शकली नाही. लाखो लोकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना. काहींना तर दुसऱ्याची खाती दिसू लागली. पुढे चौकशीत आढळले की दोन संगणक केंद्रांपैकी एकाच केंद्रावर भाराची चाचणी झाली होती. कारभार पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला, प्रमुख अधिकाऱ्याला पद सोडावे लागले आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

आपल्याकडचा दाखला तर प्रत्येक माल पाठविणाऱ्याने भोगलेला आहे. ५० हजार रुपयांवरील मालाच्या वाहतुकीसाठी ई-वे बिल १ फेब्रुवारी २०१८ पासून देशभर लागू व्हायचे होते. पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडले आणि सरकारला ती सक्ती पुढे ढकलावी लागली. नंतर सरकारने शहाणपणाची वाट धरली. १ एप्रिलपासून परराज्यात जाणारा माल घेतला, मग राज्यांतर्गत वाहतूक काही काही राज्यांच्या गटांनी चालू केली. महाराष्ट्राची पाळी मे महिन्यात आली. जे काम एका दिवसात झाले नाही, ते टप्प्याटप्प्याने झाले. एवढ्या मोठ्या सरकारला जे करावे लागले, ते करण्यात आपल्याला कमीपणा कसला?

दिवस आपण ठरवावा

पहिली गोष्ट म्हणजे चालू करण्याचा दिवस विक्रेत्याने नव्हे, मालकाने ठरवावा. विक्रेत्याला महिनाअखेरच्या विक्रीची काळजी असते, आपल्याला सीझनची. १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष लागते, म्हणून तो दिवस सोयीचा वाटतो. परंतु २०२४ साली रमजान ईद ११ एप्रिलला आली आणि २०२५ साली ३१ मार्चला. ज्यांचा धंदा ईदवर चालतो, त्यांच्यासाठी त्या दोन्ही वर्षी १ एप्रिल हा सर्वांत वाईट मुहूर्त होता. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, हे ध्यानात धरून कॅलेंडर पाहावे. मालमंदीचा महिना निवडावा. वर्षाच्या मध्येच सुरुवात केली तर बिलाच्या क्रमांकांचे काय, असे काहीजण विचारतात. कायद्याने बिलांच्या एकापेक्षा अधिक मालिका ठेवता येतात. त्याच वर्षात क्रमांक दुबार येता कामा नये आणि तो १६ अक्षर-अंकांहून लांब नसावा, एवढे सांभाळले की झाले.

दुसरी गोष्ट साफसफाईची. जुन्या वहीत एकच गिऱ्हाईक तीन नावांनी असते: एकदा पूर्ण नाव, एकदा 'भाई' लावून, एकदा दुकानाचे नाव. मुनीमजींना ते एकच आहेत हे ठाऊक असते, संगणकाला नसते. ही नावे आधी एक करावीत, प्रत्येकाची बाकी त्याच्याशी बोलून पक्की करावी. मालाची शिरगणती स्वतः उभे राहून करावी. माप कोणते हेही तेव्हाच ठरवावे. सूत किलोने येते, कापड मीटरने विणले जाते आणि विकताना तागा मोजला जातो. बटणे ग्रोसने येतात आणि डझनाने विकली जातात. माप चुकले तर संगणक मोठ्या वेगाने चुकीचेच आकडे देत राहील.

तिसरी गोष्ट म्हणजे थोड्यापासून सुरुवात. दोन दुकाने असतील तर लहान दुकान आधी घ्यावे. कारखाना असेल तर आधी सुताची आवक-जावक घ्यावी, कारागिरांची मजुरी शेवटी. कारागिराचा आठवड्याचा पैसा विणलेल्या मीटरवर ठरतो. त्यात एका आठवड्याची चूक झाली तरी त्याच्या घरच्या चुलीपर्यंत ती पोहोचते. आपल्या प्रयोगाची किंमत त्याने का मोजावी?

दोन्ही हिशोब चालवा, पण मुदत ठरवून

आता मुख्य मुद्दा. नवी प्रणाली चालू झाली तरी किमान एक महिना जुनी वहीही चालू ठेवावी. रोज रात्री रोकड, विक्री आणि उधारी हे तीन आकडे दोन्हीकडचे समोरासमोर ठेवून पाहावेत. फरक आला तर त्याच रात्री शोधावा. आठवड्याने तो सापडत नाही. मात्र गिऱ्हाइकाला बिल एकाच ठिकाणाहून द्यावे. दोन्हीकडून बिले निघाली तर तीच विक्री विवरणपत्रात दोनदा जाईल आणि नोटीस येईल.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की दुप्पट काम करायला वेळ कोणाला आहे? रोजचा एखादा तास जाईल हे खरे, परंतु हरवलेली उधारी शोधण्यात जे महिने जातात, त्यापुढे तो तास काहीच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन्ही चालू ठेवले की माणसे जुन्यालाच चिकटून राहतात आणि संगणकावर धूळ बसते. हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. म्हणूनच मुदत आधीच ठरवून भिंतीवर लिहावी. लागोपाठ पंधरा दिवस तिन्ही आकडे जुळले की वही बंद. नाही जुळले तर मुदत वाढवावी, आणि गोंधळ फारच वाढला तर न लाजता जुन्या पद्धतीवर परतावे. परतीचा रस्ता राहावा म्हणून तर वही चालू ठेवायची.

रोजची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती दुकानाबाहेर ठेवावी, आणि त्या प्रतीतून हिशोब खरोखर परत उघडतो की नाही, हे चालू करण्याआधीच करून पाहावे. जुन्या वह्या रद्दीवाल्याला देऊ नयेत. त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशोब जपून ठेवणे जीएसटी कायद्याने बंधनकारक आहे.

मुनीमजींना दारात उभे करू नका

शेवटची गोष्ट माणसांची. नवे सॉफ्टवेअर आले की मालकाचा शिकलेला मुलगा संगणकापुढे बसतो आणि पंचवीस वर्षे इमानदारीने वही लिहिणारे मुनीमजी स्टुलावर बसून राहतात. आकडे जुळले नाहीत की पहिला संशय त्यांच्यावर जातो. याचा शेवट कोठे होतो ते ब्रिटनच्या पोस्टाने दाखवून दिले आहे. तेथे १९९९ च्या सुमारास 'होरायझन' नावाची हिशोबाची प्रणाली शाखाशाखांत बसविली गेली. या शाखा चालविणारे बहुतेक छोटे दुकानदार होते. त्यांत भारत-पाकिस्तानातून तेथे गेलेल्या कुटुंबांतील लोकही बरेच होते. संगणकाने तूट दाखविली की माणसाला चोर ठरविले जाई. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना दोषी ठरविण्यात आले. कित्येकजण तुरुंगात गेले, कित्येकांची घरेदारे गेली. अखेर २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचा निर्वाळा दिला आणि २०२४ साली खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. गेलेली वर्षे मात्र कोणी परत दिली नाहीत.

म्हणून मुनीमजींना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. कोणाची उधारी कोणत्या महिन्यात फिटते, कोणाच्या शब्दावर माल सोडता येतो, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि कोणत्याही सॉफ्टवेअरबरोबर ते मिळत नाही. त्यांना शिकवावे, वेळ द्यावा. आकडा चुकला तर आधी नोंद तपासावी, नंतर माणूस.

बंधूंनो, भांडवल बुडाले तर कर्ज काढून उभे राहता येते. बाजारात आपल्या हिशोबावर जो विश्वास आहे, तो एकदा गेला की कोणतीही बँक तो देत नाही. संगणक अवश्य आणा, लवकर आणा. पण दिवस आपण ठरवा, थोड्यापासून सुरुवात करा आणि आकडे जुळेपर्यंत वही उघडीच ठेवा.