सीएच्या पेपरला महागडा कॅल्क्युलेटर नको, साध्यावरच हात बसवा!

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ टाकून पाहा. उत्तर १४ येईल. हीच बटणे दुकानाच्या गल्ल्यावरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर दाबली, तर २० येतात. मोबाइल गुणाकार आधी करतो, साधे यंत्र बटणे दाबली त्याच क्रमाने चालते. वर्षभर मोबाइलवर सराव करून सीए फाउंडेशनला बसणाऱ्या आर्वी-देवळीच्या पोरांचे हातचे गुण अशाच फरकामुळे जातात.

परीक्षेत मोबाइल नेता येत नाही. आयसीएआयच्या नियमानुसार कॅल्क्युलेटर जास्तीत जास्त ६ फंक्शन, १२ अंक आणि २ मेमरीचा हवा. त्यामुळे व्हिडिओत दिसणारे बीए टू प्लस किंवा एचपी १२सी हे फायनान्शियल कॅल्क्युलेटर इथे बाद. ते सीएफएसारख्या परीक्षांना चालतात. सीएची तयारी करणाऱ्याने त्यावर काही हजार रुपये घालवणे म्हणजे पैसे पाण्यात.

फाउंडेशनच्या गणित-सांख्यिकीच्या पेपरला १०० प्रश्न आणि २ तास असतात. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि उत्तर चुकले की पाव गुण वजा. इथे सूत्र येणे पुरत नाही, बोटेही चालावी लागतात.

एक उदाहरण घेऊ. हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्याला दीड लाखाचे यंत्र घ्यायचे आहे. त्यातून ५ वर्षे दरवर्षी ४० हजार रुपये मिळतील, व्याजदर १२ टक्के. सरळ बेरीज २ लाख होते, म्हणून सौदा फायद्याचा वाटतो. पण पुढच्या वर्षांच्या पैशाची आजची किंमत काढावी लागते. बरेच विद्यार्थी पाच वेगळे भागाकार करून प्रत्येक उत्तर कागदावर उतरवतात. त्याची गरज नाही. १ ÷ १.१२ दाबून = पाच वेळा दाबा, मग जीटी. पडद्यावर ३.६०४८ च्या आसपास आकडा येतो. त्याला ४० हजारांनी गुणले की १,४४,१९१ रुपये. यंत्र दीड लाखाचे, म्हणजे सौदा ५,८०९ रुपयांनी तोट्याचा.

कॅसिओच्या डेस्क कॅल्क्युलेटरवर पद्धत थोडी वेगळी आहे. आधी १.१२, मग ÷ दोनदा, मग १ आणि पाच वेळा =. मित्राचे यंत्र उसने घेऊन पेपरला जाऊ नये, ते यासाठीच. आणखी एक खबरदारी म्हणजे जीटी आधी रिकामे करणे. नाहीतर मागच्या गणिताची उत्तरे गुपचूप या बेरजेत मिसळतात आणि आकडा इतका खरा वाटतो की शंकाही येत नाही.

दरवर्षीची रक्कम वेगवेगळी असेल तर जीटीचा हा शॉर्टकट चालत नाही. तिथे प्रत्येक गुणाकार एम+ मध्ये टाकायचा, खर्च एम− मध्ये, आणि शेवटी एमआरसी.

पाचवे मूळ काढायचे बटण साध्या यंत्रावर नसते. त्यालाही जुगाड आहे : वर्गमूळ १२ वेळा, वजा १, भागिले ५, अधिक १, मग × = ही जोडी १२ वेळा. १.६१०५१ वर करून पाहा, उत्तर १.१ च्या अगदी जवळ येते. गंमत म्हणून छान, पण मोजताना एक दाब चुकला की सगळे गेले. बहुपर्यायी प्रश्नात दिलेले पर्यायच पाचदा गुणून तपासणे अनेकदा जास्त सोपे पडते.

वर्ध्यात १९४० पासून वाणिज्य महाविद्यालय आहे. जिल्ह्यात कॉमर्सची परंपरा इतकी जुनी असताना कॅल्क्युलेटर कसा वापरायचा, हे पोरांनी कोचिंगच्या व्हिडिओवरून शिकावे हे पटत नाही. अकरावीच्या पहिल्या महिन्यात कनिष्ठ महाविद्यालयांनी यासाठी दोन तासिका दिल्या तरी भागेल. त्यातच हेही सांगता येईल की पुढे इंटरच्या लेखी पेपरमध्ये नुसता अंतिम आकडा पुरत नाही. सूत्र आणि त्यात घातलेल्या किमती कागदावर लिहाव्याच लागतात, त्यांनाही गुण असतात.