हाड माझं

रविवारी पहाटे साडेचारला गजर लावून उठणारा माणूस एक तर ट्रेकला निघालेला असतो, नाही तर त्याला विमान गाठायचं असतं. मी हाफपँटवर परसात कोळसे पेटवत बसतो. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी, म्हणून आदल्या संध्याकाळी सहाला आमच्याकडे पंगत. म्हणजे हाताशी साडेतेरा तास. समोर परातीत, रात्रीच मीठ, ब्राउन शुगर, पॅप्रिका आणि मिरपूड चोळून ठेवलेला डुकराच्या खांद्याचा आठ पौंडी तुकडा. साडेतीन किलोच्या वर, हाडासकट.

तेवढ्यात रत्नागिरीहून आईचा फोन. तिकडे दुपारचे दोन, जेवणं आटोपलेली.
"लावलंस का रे ते?"
'ते' म्हणजे काय, तो शब्द तिने इतक्या वर्षांत एकदाही उच्चारलेला नाही. आमच्याकडे मासे रोज, कोंबडी रविवारी, मटण जावई आला की. डुक्कर आमच्या चुलीच्या आसपासही फिरकलेलं नव्हतं.
"लावतोय आई."
"आणि संध्याकाळी खाणार? अरे, एवढ्या वेळात दोन लग्नांचं जेवण होतं."

मी राहतो नॉर्थ कॅरोलायनात, रॅलीजवळच्या कॅरी गावात. इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात गॅसच्या शेगडीवर बर्गर भाजताना मी शेजारच्या आजोबांना हाक मारली, "या, बार्बेक्यू चाललाय." त्यांनी कुंपणापलीकडूनच दुरुस्ती केली. हा कुकआउट. बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यांवर आणि धुरावर तासन्‌तास शिजलेलं डुकराचं मांस, दुसरं काही नाही. टेक्सासात त्याच शब्दाखाली गाईच्या छातीचं मांस वाढतात, हे त्यांना माहीत आहे. ते त्याबद्दल बोलत नाहीत.

याच राज्यात त्या शब्दावरून दोन तट आहेत. पूर्वेकडे अख्खं डुक्कर भाजायचं आणि त्यावर व्हिनेगर, मीठ, लाल मिरची, मिरपूड एवढंच. टोमॅटोचं नावही काढायचं नाही. पश्चिमेला लेक्सिंग्टन गावाच्या बाजूला फक्त खांदा, आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप. त्या पातळ सॉसला ते 'डिप' म्हणतात. मिसळीवरून पुणे-कोल्हापुरात चढतात तसे आवाज इथे या चमचाभर केचपवरून चढतात. पूर्वेच्या एडन गावात स्कायलाइट इन नावाची खानावळ १९४७ पासून आहे. तिथे लाकडावर शिजलेलं अख्खं डुक्कर कुरकुरीत कातडीसकट ठोकळ्यावर सत्तुराने बारीक करतात, आणि खानावळीच्या छपरावर वॉशिंग्टनच्या संसदभवनासारखा घुमट आहे. बार्बेक्यूची राजधानी कुठली, याबद्दल मालकांच्या मनात शंका नसावी. मी खांदा पश्चिमेचा घेतो आणि सॉस पूर्वेचा. आजोबा याला भेसळ म्हणतात आणि दोनदा वाढून घेतात.

खांद्याच्या या वरच्या भागाचं दुकानातलं नाव 'बॉस्टन बट', म्हणजे शब्दशः बॉस्टनचं ढुंगण. प्रत्यक्षात तो डुकराचा पुढचा भाग. नावावर जाऊ नये. तो स्वस्त, कारण चिवट. चालून चालून राबलेला स्नायू, मध्ये चरबी, आणि सगळ्याला बांधून ठेवणारा कोलॅजनचा गुंता. आत ६३ अंश सेल्सिअस झालं की सरकारी नियमाप्रमाणे ते मांस खायला सुरक्षित. पण तेव्हा खाऊन बघा, दाढा दुखतील. ७० अंशांच्या पुढे तासन्‌तास राहिल्यावर कोलॅजनचं जिलेटिन होतं. पायाचं सूप प्यायल्यावर ओठ एकमेकांना चिकटतात ना, तेच. म्हणून भट्टीत ११० अंशांच्या आसपास मंद उष्णता, हिकरीच्या लाकडाचा धूर, आणि मांसाच्या पोटात ९५ अंश होईपर्यंत वाट.

ही वाट सरळ नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी सकाळभर थर्मामीटरचा काटा शहाण्यासारखा चढला आणि ६८ वर येऊन बसला. एक तास, दोन तास, तीन तास. हलेना. पाहुणे यायला दोन तास उरले तेव्हा माझा धीर सुटला. कोळसे ओतले, आच दुप्पट केली. बाहेरून काळं कोळशासारखं, आतून रबर. सुरीने कापून वाढलं आणि सगळ्यांनी 'छान झालंय' म्हटलं. मराठी माणूस खोटं किती प्रेमाने बोलतो, ते त्या दिवशी कळलं.

काटा अडला तो माठामुळे. माठाच्या अंगावर पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार होतं. मांसही तसंच पाझरतं. भट्टी जेवढी उष्णता देते, तेवढी वाफ उडवून नेते. इथे त्याला 'स्टॉल' म्हणतात, गाडी बंद पडावी तसं. ओलावा पुरेसा उडाला की काटा आपोआप पुढे सरकतो. घाई असेल तर मांस फॉइलमध्ये गच्च गुंडाळायचं. वाफ कोंडली की थंडावा संपतो. त्यासाठी टेक्सासवाल्यांची कुबडी हे नाव आहे, आणि कुबडी वापरली की बाहेरची कुरकुरीत काळी साल थोडी मऊ पडते. मी आता काही करत नाही. खुर्ची टाकून बसतो. पन्हं पितो.

बसल्या बसल्या माणूस विचार करतो. डुक्कर या खंडातलं नव्हेच. १५३९ साली एर्नांदो दे सोतोच्या स्पॅनिश मोहिमेबरोबर फ्लोरिडात डुकरं उतरली. बार्बेक्यू हा शब्दही स्पॅनिश 'बार्बाकोआ'वरून आला, आणि तो त्यांनी कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून उचलला. पण रात्र रात्र जागून खड्ड्यातले निखारे राखले ते मळ्यांवरच्या गुलाम कृष्णवर्णीयांनी. हे हात बार्बेक्यूच्या कौतुकातून कसे वगळले गेले, ते एड्रियन मिलर यांनी 'ब्लॅक स्मोक' या २०२१च्या पुस्तकात मांडलं आहे. साडेतेरा तास आरामखुर्चीत बसून 'दमलो' म्हणायला मला तेव्हापासून लाज वाटते.

मांस झालं की सांगावं लागत नाही. हाड धरून ओढलं की सुळकन, कोरडं ठाक बाहेर येतं. मग तासभर झाकून ठेवायचं आणि हातांनी रेषा सोडवायच्या. वजन चाळीस टक्के तरी उतरलेलं असतं. आठ पौंडांचे पाच उरले तर नशीब. पांढरा मऊ बन, वर कोबीची कोशिंबीर, त्यावर व्हिनेगर. आमच्या पंगतीत निम्मे शाकाहारी. त्यांच्यासाठी डब्यातला कच्चा फणस. अमेरिकेतल्या शाकाहारी मंडळींनी अलीकडे फणसाच्या रेषा सोडवून त्याला 'पुल्ड पोर्क' म्हणायला सुरुवात केली आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसत होती. "म्हणजे कुयरीची भाजी! तिला पोळीऐवजी पाव लावला, एवढंच ना?"

आता खरी गोष्ट. सहा माणसांना आठ पौंडांचा तुकडा लागत नाही. मी तो उरावा म्हणूनच आणतो. पंगतीतलं मांस पाहुण्यांचं, दुसऱ्या दिवशीचं माझं. फोडणीचा भात आणि फोडणीची पोळी खाऊन वाढलेल्या माणसाला शिळं या शब्दाची भीती नसते. आणि हे काही आपलंच वेड नाही. गोव्यात सोरपोतेल काही दिवस आधी करून ठेवतात, रोज गरम करतात आणि मुरल्यावर खातात. माडाच्या माडीचं व्हिनेगर त्याला सांभाळतं. डुकराच्या चरबीला आंबट लागतं, हे गोव्याला आणि कॅरोलायनाला एकमेकांना न विचारता कळलं.

नियम दोनच. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. ऊन कडक असेल तर एकाच तासात. तिथे चार दिवस, पुढचं फ्रीझरमध्ये, आणि पिशवीत त्याचाच रस ओतून. तो रस गार झाला की जेली होतो. फेकून देणाऱ्याला माझ्या घरी पुन्हा बोलावणं नाही. कोरडं मांस मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं तर सुतळी होते, आणि कुकरची शिट्टी घेतलीत तर लापशी.

सोमवारी सकाळी बिडाच्या तव्यावर उभा चिरलेला कांदा आणि हिरवी मिरची परतायची, त्यावर मांस पसरायचं आणि हात लावायचा नाही. खालून खरपूस पापुद्रा धरला की एकदाच उलटायचं. मीठ घालू नका, ते आधीच आहे. वर लिंबू, बरोबर ज्वारीची भाकरी. बनमधला बार्बेक्यू यापुढे पोरकट वाटतो, पण हे मी आजोबांना सांगितलेलं नाही.

हाडाची गोष्ट वेगळी. इथे दक्षिणेत नववर्षाच्या दिवशी चवळी, भात आणि डुकराचं मांस एकत्र शिजवून शुभ म्हणून खातात. त्याला 'हॉपिंग जॉन' म्हणतात. ती चवळी आपलीच चवळी. मूळची आफ्रिकेतली, एका वाटेने ती आपल्याकडे आली, दुसऱ्या वाटेने गुलामांच्या जहाजांतून इथे. मी जानेवारीपर्यंत थांबत नाही. मंगळवारी रात्री भिजवलेली चवळी, ठेचलेला लसूण, चमचाभर मालवणी मसाला आणि ते धुरकट हाड, मंद आचेवर दीड तास. चिंच न घालता शेवटी तेच व्हिनेगर.

त्या वासाने मागच्या वर्षी आजोबा कुंपणाशी आले होते. वाटीभर दिली. त्यांनी मसाल्याचं नाव लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी इकडे कुणी येणार असाल तर डबा घेऊन या, मांस भरून देईन. हाड मागू नका.