न मागितलेल्या हाका

भर दुपारी दाराची कडी वाजावी, हातातले काम टाकून दार उघडावे, आणि उंबऱ्यावर माणूस नसून केवळ ध्वनिमुद्रित आवाज बोलत असावा, असा प्रसंग दिवसातून चार वेळा आला तर कोणताही गृहस्थ पोलीस चौकी गाठील. दूरध्वनीच्या बाबतीत मात्र हाच प्रकार आपण मुकाट्याने सोसत आहो. कर्ज, विमा, सदनिका, शेअरबाजारातील हमखास नफा, यांची जाहिरात करणारा हा आवाज यंत्राचा असतो. त्याला नकार ऐकू येत नाही, संतापाची लाज वाटत नाही आणि थकवा येत नाही. एक यंत्र हजारो क्रमांक फिरवू शकते आणि त्याचा खर्च मालकाला नगण्य पडतो. वेळ जातो तो ऐकणाऱ्याचा.

या तक्रारीला कोणी क्षुल्लक म्हणेल, तर आम्ही ते मानावयास तयार नाही. अनोळखी क्रमांक उचलावयाचाच नाही, असा निश्चय आज असंख्य लोकांनी केला आहे. परंतु रुग्णालयातून, मुलाच्या शाळेतून, अपघाताच्या जागेवरून येणारा फोनही अनोळखीच असतो. खोट्या हाकांच्या गर्दीत खरी हाक ऐकू येईनाशी झाली, तर दूरध्वनी हे साधनच निरुपयोगी ठरेल. शिवाय जाहिरातदारांच्या मागोमाग भामटेही याच वाटेने आले आहेत. ‘तुमचा क्रमांक दोन तासांत बंद होईल, नऊ दाबा’ असे यंत्र सांगते आणि भ्यालेला वृद्ध नऊ दाबतो. हे आवाज खुद्द दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे नाव सांगू लागले, तेव्हा आपण कोणाचाही क्रमांक तोडीत नाही, असा खुलासा प्राधिकरणाला करावा लागला. चोराने पहारेकऱ्याचाच पोशाख चढवावा, तसे हे झाले.

सरकार स्वस्थ बसले आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्रास नको असलेल्या ग्राहकांची नोंदवही २००७ साली निघाली. २०१० साली आणि पुन्हा २०१८ साली नियम कडक झाले. जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवण्यात आले. तरीही २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत नोंदणी न केलेल्या विक्रेत्यांविरुद्ध ७ लाख ९० हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्राधिकरणाने खडसावल्यावर कंपन्यांनी पंधरवड्याच्या आसपास पावणेतीन लाख जोडण्या तोडल्या. हे काम इतक्या थोड्या दिवसांत होण्यासारखे होते, तर ते आधी का झाले नाही, हा प्रश्न प्रत्येक ग्राहकाने कंपन्यांना विचारला पाहिजे.

फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत ३ दिवसांवरून ७ दिवसांवर नेली. कारवाईसाठी पूर्वी एका आठवड्यात १० तक्रारी लागत. आता १० दिवसांत ५ पुरतात. नको असलेल्या फोनांचे आकडे चुकीचे सांगणाऱ्या कंपनीला २ लाख, ५ लाख आणि पुढे प्रत्येक वेळी १० लाख रुपये दंड ठरला. आपोआप क्रमांक फिरवणाऱ्या यंत्रांचा वापर करणाऱ्याने कंपनीला पूर्वसूचना द्यावी, असेही बंधन आले. ही पावले स्वागतार्ह आहेत, परंतु मूळ दोष त्यांनी जात नाही. सूचना कंपनीला द्यावयाची. ज्याच्या कानात तो आवाज ओतावयाचा, त्याला कोणी विचारावयाचे की नाही?

आमच्या मते खरी मेख येथेच आहे. ‘मला त्रास देऊ नका’ असा अर्ज १९०९ या क्रमांकावर नागरिकाने करावा आणि न केल्यास त्याची संमती गृहीत धरावी, ही रीतच उलटी आहे. मौन म्हणजे संमती हे वचन लग्नाच्या बैठकीत शोभते, बाजारात नव्हे. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाच्या २८ व्या कलमाने विशिष्ट संदेशांसाठी पूर्वसंमतीची अट घालण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. यंत्राच्या प्रत्येक जाहिराती हाकेस ही अट लावावी. ठरावीक संख्येपलीकडील फोनांना वाढीव दर आकारण्याची कल्पना प्राधिकरणाने २०२४ च्या विचारपत्रिकेत मांडलीच होती. तीही अमलात आणावी. हाक फुकट आहे तोवर ती थांबणार नाही.

एक गोष्ट राजकीय पक्षांनाही सांगितली पाहिजे. २००४ च्या निवडणुकीत पंतप्रधान वाजपेयी यांचा ध्वनिमुद्रित आवाज घरोघरच्या फोनवर ऐकवण्यात आला. त्यानंतर अनेक पक्षांनी तोच मार्ग धरला. नियम व्यापारी संदेशांपुरते असल्याने मते मागणारे यंत्र त्यांच्या कक्षेबाहेर राहते. जे लोकप्रतिनिधी स्वतः ही सवलत उपभोगतात, त्यांच्याकडून व्यापाऱ्यांवर कठोर निर्बंधांची अपेक्षा नागरिकांनी कोणत्या तोंडाने करावी? त्यांनी आधी हा मोह सोडावा.

तोवर नागरिकांनी आपल्यापुरते एवढे करावे, की नको असलेला फोन नुसता तोडून न थांबता त्याची तक्रार सात दिवसांच्या आत नोंदवावी. पाच तक्रारींनी एक दार बंद होते. परंतु हे दार मुळात उघडे कोणी ठेवले, याचे उत्तर कंपन्यांनी आणि सरकारने द्यावयाचे आहे. स्वतःच्या घरातली शांतता हा नागरिकाचा हक्क आहे. त्यासाठी त्याला अर्ज करावयास लावू नये.