‘माणसं मिळत नाहीत’ म्हणणाऱ्यांनो, तुम्ही किती शिकवली?



नाशिकमधल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मालकांची एक तक्रार कायम कानावर येते : माणसं मिळत नाहीत. त्याच शहरात बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर झालेली आपली पोरं डिलिव्हरीची बॅग पाठीला लावून फिरतात, नाहीतर अंबड-सातपूरला ठेकेदाराकडे बारा-बारा तास राबतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा?

एक उदाहरण घेऊ. फ्रॅपे नावाचं एक वेब फ्रेमवर्क आहे. फ्रेमवर्क म्हणजे वेबवरचं सॉफ्टवेअर बांधण्यासाठी आधीच उभा केलेला सांगाडा. लॉगिन, परवानग्या, फॉर्म, रिपोर्ट हे दरवेळी नव्याने लिहावं लागत नाही. हा सांगाडा अमेरिकेतला नाही, मुंबईतला आहे. रुषभ मेहता या इंजिनिअरने घरच्या फर्निचर व्यवसायासाठी सॉफ्टवेअर करता करता त्याची सुरुवात केली आणि २००८ मध्ये कंपनी काढली. त्यावर उभं असलेलं ईआरपीनेक्स्ट कारखान्याची खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब सांभाळतं. सगळं ओपन सोर्स. लायसन्सचे पैसे नाहीत, कोड कोणीही उतरवून घ्यावा, वाचावा, बदलावा.

अंबड-सातपूरच्या लहान कारखानदाराला परवडेल असं हे सॉफ्टवेअर. पण ते बसवणारा, कारखान्याच्या गरजेप्रमाणे बदलून देणारा माणूस लागतो, आणि तो सहज सापडत नाही. क्लासवाले जावा नाहीतर रिॲक्ट शिकवतात. डॉकटाइप म्हणजे काय, बेंच कसं चालवायचं, हे नामांकित कॉलेजच्या मुलालाही पहिल्या दिवशी माहीत नसतं आणि येवल्याच्या मुलालाही नसतं. पायथन आणि डेटाबेसची बऱ्यापैकी ओळख असलेला कोणीही काही महिन्यांत कामाला लागू शकतो. म्हणजे इथे तयार ‘मेरिट’ कोणाकडेच नाही. सगळ्यांना शिकावंच लागतं. मग ‘माणसं मिळत नाहीत’ याचा अर्थ एवढाच, की आयती माणसं मिळत नाहीत.

खरा प्रश्न इथून पुढे आहे. शिकायचे सहा महिने कोणाच्या खर्चाने?

जाहिरातीत ‘दोन वर्षांचा अनुभव’ मागतात. अनुभव द्यायला कोणी तयार नाही, मागायला सगळे. मग ओळखीचा मुलगा येतो, भागीदाराचा भाचा वगैरे. त्याला पहिल्या महिन्यापासून पगार, चुका करायला मोकळीक. आपल्या मुलाला सांगतात, सहा महिने बिनपगारी ये, किंवा बाँड लिहून दे आणि मूळ मार्कशीट जमा कर. दोघेही शून्यापासूनच सुरू करतात, पण एकाला शिकण्याचा पगार मिळतो आणि दुसऱ्याला शिकण्याची किंमत मोजावी लागते. वर्षाने पहिला ‘टॅलेंट’ ठरतो. बाबासाहेबांनी १९३६ साली श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यातला फरक मांडला होता, तो कोणाला जुना वाटत असेल तर त्याने एखाद्या चकचकीत ऑफिसात जाऊन बघावं.

हा वैताग नाही, याला पुरावा आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले : दलित आडनावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती मांडल्या. ते जातीबद्दल विचारत नाहीत, ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारतात.

ओपन सोर्सवाले सांगतात, कोडला जात नसते. मान्य. पण तो शिकायला लागणारा लॅपटॉप, इंग्रजी आणि घरी कमाई न आणता बसायचे सहा महिने, यांना जात असते.

आता कायद्याचं बोलू, कारण इथे आपण स्वतःच कमी पडतो. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, असं आपण सरसकट म्हणतो. नोकरीपुरतं ते खरं आहे. पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं कलम ३-अ काढून वाचा. निर्देशित ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, खासगी मालकावरसुद्धा. आयटीआयचा ‘कोपा’, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रॅमिंग असिस्टंट, हा असा ट्रेड आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने, कंत्राटी धरून, अडीच ते १५ टक्के शिकाऊ घ्यायचे असतात. पळवाटा आहेत : २०१४ च्या दुरुस्तीने मालकांना स्वतःचे ऐच्छिक ट्रेड आखायची मुभा मिळाली, आणि फ्रॅपेचं काम करणाऱ्या पुष्कळ कंपन्या तीसच्या खालीच असतात. तरी चार किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला स्वखुशीने शिकाऊ घेता येतो, आणि केंद्राची योजना विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, कमाल १,५०० रुपये, उचलते. ‘शिकवायला परवडत नाही’ म्हणणाऱ्या मालकासमोर हा कागद ठेवणारी किती मंडळं नाशिकमध्ये आहेत?

आपल्या अभ्यासिका एमपीएससी आणि पोलीस भरतीने भरलेल्या आहेत. ती वाट बंद करा असं कोणी म्हणत नाही. पण १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या सरकारला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी कला आणि कायद्यापेक्षा विज्ञान-तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण अस्पृश्य समाजाला जास्त उपयोगी पडेल, असं स्पष्ट मांडलं होतं. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च म्हणजे किती जुने लॅपटॉप, हा हिशेब ज्याने त्याने आपल्या गल्लीपुरता करावा.

सुरुवात लहान असू द्या. एका अभ्यासिकेत एक टेबल, दोन जुने लॅपटॉप, त्यावर लिनक्स, पाच पोरं-पोरी. फ्रॅपेचे शिकायचे धडे इंटरनेटवर फुकट आहेत. इंग्रजी अडलं तर ज्याला येतं त्याने मोठ्याने वाचून मराठीत सांगावं. सरावाला खोटा प्रोजेक्ट घेऊ नका, वस्तीतल्या महिला बचत गटाची वही घ्या : हप्ता, कर्ज, व्याज, थकबाकी. ते चाललं की कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवा, आपल्या पूर्ण नावानिशी. आडनाव लपवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, माझं मत लपवू नका असं आहे.

आणि मुलाखतीला जाल तेव्हा तीन गोष्टी लेखी मागा : शिकण्याच्या काळातला पगार, तो काळ किती महिन्यांचा, आणि मूळ कागदपत्रं आमच्याकडेच राहतील याची हमी. नकार मिळाला तर कंपनीचं नाव आणि तारीख अभ्यासिकेच्या वहीत नोंदवा, म्हणजे पुढच्या पोराला तिथे जाण्याआधी कळेल.