शाळेची सुट्टी: मुलांना फुकटात रमवता येतं, मग ती इतकी महाग का पडते?

निकाल हातात पडतो आणि दुसऱ्याच दिवशी घरात प्रश्न सुरू होतो, 'आता काय करू?' तोपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲपवर समर कॅम्पच्या जाहिराती येऊन थडकलेल्या असतात. पोहणं, अबॅकस, रोबोटिक्स, मातीकाम. ज्यांना परवडतं ते फी भरतात. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या घरी मुलांना सांभाळायचं काम बहुतेकदा मोबाईल करतो.

महाराष्ट्रात उन्हाळी सुट्टी साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत असते. विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी उशिरा उघडतात. एवढे दिवस पैसे खर्च न करता मुलांना रमवणं शक्य आहे का? शक्य आहे. पण त्यासाठी आधी समर कॅम्पची फी नेमकी कशासाठी असते, ते समजून घ्यायला हवं.

फी भरून काय विकत घेतलं जातं?

वरवर पाहिलं तर एखादी कला किंवा छंद. प्रत्यक्षात पालकांना तीन गोष्टी हव्या असतात: खेळायला जागा, बरोबरीची मुलं आणि लक्ष ठेवणारं मोठं माणूस.

वाड्यात, चाळीत किंवा मामाच्या गावी या तिन्ही गोष्टी आपोआप मिळायच्या. आज अनेक घरांत आई-बाबा दोघंही कामाला जातात, आजी-आजोबा दुसऱ्या गावी असतात आणि सोसायटीच्या मोकळ्या जागेत गाड्या उभ्या असतात.

सरकारी व्यवस्थेतही इथे मोठी फट आहे. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असते. कामाच्या ठिकाणची पाळणाघरंही लहानग्यांसाठीच. सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसभर सांभाळणारी जागा म्हणजे शाळा, आणि सुट्टीत नेमकी तीच बंद असते.

पैसे न लागणारं काय काय आहे?

दुपारपासून सुरुवात करू. उन्हाळ्यात १२ ते ३ या वेळेत बाहेर पडणं टाळा, असा सल्ला आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा देतात. त्यामुळे हा वेळ घरातलाच. पत्त्यांचा एक जोड असेल तर बदाम सात, गुलामचोर, भिकार-सावकार होतं. चिंचोके फोडून त्यांचे फासे केले आणि खडूने फरशीवर चौकटी आखल्या की चल्लस-आठ तयार. नाव-गाव-फळ-फूलला कागद-पेन्सिल पुरते. घरात पापड-कुरडयांचं वाळवण असेल तर राखणीचं काम मुलांकडे द्या.

हाताने काही करायची आवड असेल तर पद्मश्री अरविंद गुप्ता यांची वेबसाईट पाहा. काड्यापेटी, स्ट्रॉ, जुनी वर्तमानपत्रं अशा टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करायची, ते तिथे मोफत पाहता येतं. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीतही गोष्टींची पुस्तकं मोफत वाचता येतात. यासाठी फोन लागतोच, पण तो मोठ्यांच्या हातात ठेवून एकत्र वाचता येतं.

सकाळ-संध्याकाळ मात्र बाहेरची हवी. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लगोरी, लंगडी, आट्यापाट्या यांना विकतचं साहित्य जवळपास लागत नाही. फिरायला जायचं तर भारतीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. पुण्यातला शनिवारवाडा, बोरिवलीजवळची कान्हेरी लेणी ही त्यातली काही. मोठ्यांना मात्र तिकीट काढावं लागतं आणि जाण्यायेण्याचा खर्च वेगळा.

राहिला प्रश्न लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा. यावर काही पालकांनी शोधलेला मार्ग साधा आहे: पाळी लावणं. इमारतीतल्या किंवा वस्तीतल्या पाच-सहा घरांनी एकेक दिवस वाटून घ्यायचा. ज्याची सुट्टी, त्याच्याकडे सगळी मुलं. एका घराचं ओझं पाच घरांत वाटलं जातं आणि मुलांना सोबतही मिळते.

मग अडतं कुठे?

अडतं जागेपाशी. एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर पत्ते मांडायलाही जागा नसते. वस्तीजवळ मैदान नसेल तर लगोरी रस्त्यावर खेळावी लागते.

पण जागा मुळात नाही, असंही नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्रत्येक शाळेला मैदान आणि ग्रंथालय असणं अपेक्षित आहे. सुट्टी लागली की अनेक शाळांच्या फाटकाला मात्र कुलूप लागतं. म्हणजे मुलं मोकळी असतात त्याच काळात त्यांच्यासाठीची जागा बंद. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेच्या वेळेबाहेर इमारत समाजाच्या उपक्रमांसाठी वापरावी, अशी सूचना आहे. सुट्टीतलं मैदान हे त्याचं सगळ्यात सोपं उदाहरण ठरेल.

जेवणाचाही मुद्दा आहे. शाळा बंद झाली की तिथलं दुपारचं जेवणही थांबतं. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही मुलांना मध्यान्ह भोजन देण्याचे आदेश दिले होते. सुट्टीत काय करायचं, हा प्रश्न सगळ्याच घरांत केवळ करमणुकीचा नसतो.

पालक काय करू शकतात?

सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कायद्यानुसार तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास मैदान उघडं ठेवावं, आठवड्यातून दोनदा पुस्तकं द्यावीत, लक्ष ठेवायला पालकांनी पाळी लावावी, असा प्रस्ताव ही समिती मांडू शकते. चावी कोणाकडे राहील, पाणी आणि स्वच्छतागृहाचं काय, मूल पडलं तर जबाबदारी कोणाची, हे प्रश्न मुख्याध्यापक विचारतीलच आणि ते रास्तही आहेत. त्यांची उत्तरं लिहून घेऊनच बैठकीला गेलेलं बरं.

ही बैठक मात्र सुट्टी लागायच्या आधी व्हायला हवी. नंतर फाटकाला कुलूप असतं आणि चावी असलेला माणूसही गावी गेलेला असतो.