आजोळी राहायला जा

पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन भारतात जायचं ठरवत असाल, तर तिकिटं काढायच्या आधी माझं थोडं ऐका. मी गेली चौदा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहते. माहेर सांगलीचं, सासर नाशिकचं, दोन मुलं. सुट्ट्यांच्या बाबतीत आम्ही ज्या चुका केल्या, त्याच आता इथे नव्याने आलेली जोडपी करताना दिसतात आणि जीव तुटतो. म्हणून लिहायला बसले.

आमची सगळ्यात मोठी चूक २०१७ च्या ऑगस्टमधली. लेक सहा वर्षांची, धाकट्याला तिसरं लागलेलं. एकवीस दिवसांच्या सुट्टीत आम्ही चौदा घरं केली. मुंबईत उतरल्या उतरल्या ठाण्याला चुलतसासरे, मग नाशिक, मग पुण्यात नणंद आणि दोन मावश्या, मग कोल्हापूर, शेवटी सांगली. प्रत्येक घरी ओटी, प्रत्येक घरी पंचपक्वान्नांचं ताट आणि प्रत्येक घरी "एवढ्यात निघालात?" धाकट्याचं पोट तिसऱ्या दिवशी बिघडलं ते परत येईपर्यंत ताळ्यावर आलं नाही. लेक गाडीत बसली की विचारायची, "आता कोणाकडे?" आणि पोचल्यावर त्या घरच्या सोफ्यावर झोपून जायची. आईच्या वाट्याला आमचे जेमतेम चार दिवस आले आणि त्यातही दोनदा आम्ही बाहेर जेवलो. निघताना आई म्हणाली, "तुम्ही येणार म्हणून दहा किलो आंबेमोहर आणून ठेवला होता गं. कुकर तीनदाच लावला." तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगितलं तिने. सप्टेंबरात लेकीची शाळा सुरू झाली. बाईंनी सुट्टीचं चित्र काढायला सांगितलं, तर तिने गाडीची मागची खिडकी काढली. खिडकीत काही नाही, नुसती खिडकी. ते चित्र मी अजून जपून ठेवलं आहे.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. भेटायला जाऊ नका, राहायला जा. एक घर धरा, फार तर दोन, आणि मुलांना तिथे आठ-दहा दिवस सलग, काहीही न ठरवता राहू द्या. ज्यांना भेटायचं असेल त्यांना तिथे येऊ द्या.

हे बोलायला सोपं आहे, करताना मन घट्ट करावं लागतं, हे मला माहीत आहे. "आमच्याकडे नाही आलीस" हे वाक्य आपल्याला लागतं. पण जरा रजेचा हिशेब मांडून बघा. इथे पाच दिवसांचा आठवडा असेल तर कायद्याने वर्षाला किमान वीस दिवस रजा मिळते. पुष्कळ कंपन्या तीस देतात. तीन आठवडे भारतात गेलं की पंधरा दिवस, म्हणजे निम्मी रजा संपली. उरलेल्या रजेत मुलांच्या आजारपणाच्या पुढेमागे लागणारे दिवस, नाताळ आणि शाळेच्या बाकीच्या सुट्ट्या भागवायच्या. शाळेला वर्षाला साधारण साडेबारा आठवडे सुट्टी असते. दोघंही नोकरी करत असतील तर बऱ्याच घरांत आई एक आठवडा रजेवर, बाबा दुसरा आठवडा, असं आळीपाळीने चालतं. म्हणजे चौघं मिळून जी सुट्टी घेतात, ती हीच एक. ती गाडीच्या मागच्या सीटवर घालवायची का?

दुसरी गोष्ट वेळेची. आपण ऑगस्टमध्ये जातो, कारण मोठी सुट्टी तेव्हा असते. पण तेव्हा आपल्याकडे मामेभावंडं, चुलतभावंडं सकाळी सातला दप्तर घेऊन शाळेत जातात, संध्याकाळी क्लासला जातात. आपली मुलं दिवसभर मोठ्यांच्या घोळक्यात बसून टॅब्लेट बघतात, आणि मग आपणच म्हणतो की यांना भारतात करमत नाही. गणपतीसाठी थांबावं, तर तेही दर वर्षी जमत नाही. आमच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात २०२६ ची उन्हाळी सुट्टी १२ सप्टेंबरला संपते, आणि चतुर्थी आहे १४ तारखेला, नेमकी शाळेच्या पहिल्या दिवशी.

बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये आणि बव्हेरियात मात्र एक चांगली सोय आहे, तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारी फिंग्स्टनची सुट्टी या दोन्ही राज्यांत दोन आठवड्यांची असते. (उत्तरेकडच्या राज्यांत ती एवढी मोठी नसते, त्यांनी दुसरी वाट शोधावी.) त्या दोन आठवड्यांत एक सोमवार आणि एक गुरुवार सरकारी सुट्टीचे असतात. म्हणजे आठ दिवसांची रजा टाकली की आधीचा-नंतरचा शनिवार-रविवार धरून सोळा दिवस हाताशी येतात. ही सुट्टी बहुतेक वर्षी मेच्या उत्तरार्धात किंवा जूनच्या सुरुवातीला येते, तेव्हा महाराष्ट्रातल्या शाळांना अजून सुट्टी असते. भावंडं घरी असतात, आंबे संपलेले नसतात. ऊन कडक असतं, तिकीटही महाग पडतं, हे खरं. पण सोळा दिवस दुपारी फरशीवर पत्ते खेळायला चार मुलं मिळाली, तर ऊन मुलांच्या लक्षातही येत नाही.

आम्ही २०१८ ला असे गेलो. नाशिकला सात दिवस, सांगलीला सात दिवस, बाकी कुठेही नाही. सांगलीला तेव्हा आईची लोणच्याची गडबड चालली होती. एके दिवशी बाजारातून फोडून आणलेल्या कैऱ्यांची टोपली ओट्यावर. आईने लेकीच्या हातात धुतलेलं पंच्याचं फडकं दिलं आणि म्हणाली, "एकेक फोड कोरडी कर. पाण्याचा थेंब राहिला तर लोणचं नासतं, मग वर्षभर तुझं नाव निघेल." सात वर्षांची पोर दोन तास पाट टाकून बसली. कोयीचं मऊ आतलं काढायचं, वरचं पातळ साल खरवडायचं, फोड पुसायची, परातीत टाकायची. मेथ्या तळल्या, हिंग पडला, मोहरीची डाळ कुटली, तेल गरम करून पार गार होईपर्यंत झाकून ठेवलं. बरणीच्या तोंडाला आजीने पांढरा दादरा बांधला, तेव्हा गाठीवर बोट लेकीने धरलं होतं. कोय, परात, दादरा, खार हे शब्द मी तिला कधी शिकवले नव्हते. इथे त्यांची गरजच पडली नव्हती. शनिवारच्या मराठी शाळेत तिला जे बोलायला लाज वाटायची, ते त्या आठवड्यात मामेभावाशी भांडताना सुटलं. परत आल्यावर तिने "बाबा, तू माझा आंबा का खाल्लास, आता बघ मी काय करते" असं एका दमात म्हटलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

आता शाळेबद्दल. सुट्टी सुरू व्हायच्या दोन दिवस आधीची तिकिटं स्वस्त असतात, म्हणून मुलाला ताप आला असं शाळेला कळवून निघणारी घरं आपल्यात आहेत. कृपा करून हे करू नका. जर्मनीत शाळेची सक्ती कायद्याने आहे आणि ती पाळली जाते. २०१८ च्याच मे महिन्यात मेमिंगन आणि न्यूर्नबर्गच्या विमानतळांवर पोलिसांनी शाळेच्या वयाच्या मुलांसह निघालेल्या कुटुंबांची चौकशी केली होती, त्याच्या बातम्या देशभर झाल्या. दंडाचं सोडा. ओळखीच्या एका घरातल्या मुलाने विमानात आईला विचारलं, "बाईंनी विचारलं तर मला किती ताप होता म्हणून सांगू?" त्या आईनेच मला हे सांगितलं आणि ती ओशाळली होती. सणासाठी एखादा दिवस हवा असेल तर वेळेत, लेखी, कारण सांगून मागा. आमच्या शाळेने लक्ष्मीपूजनाचा दिवस मागितल्यावर दिला, आणि दुसऱ्या दिवशी लेकीला वर्गात पणती दाखवायला सांगितलं.

दिवाळीला प्रत्येक वेळी भारतात जाता येत नाही, तर ती इथे पुरती साजरी करा, उरकू नका. फटाके इथे फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला उडवता येतात. फुलबाज्यांना मात्र वर्षभर परवानगी असते. शिवाय नोव्हेंबरात इथल्या बालवाड्यांमध्ये सेंट मार्टिनसाठी कागदाचे कंदील करतात आणि ११ तारखेच्या सुमारास मुलं संध्याकाळी ते घेऊन मिरवणुकीने गाणी म्हणत जातात. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. धाकट्याने आपला मार्टिनचा कंदील दुसऱ्या दिवशी बाल्कनीत आकाशकंदिलाच्या शेजारी टांगला आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंना वर बोलावून दाखवला. त्या शंकरपाळ्या खाऊन गेल्या आणि ६ डिसेंबरला निकोलाउसच्या सकाळी आमच्या दाराबाहेर मुलांच्या बुटांत अक्रोड आणि संत्री ठेवून गेल्या. शेजार असा जोडता येतो. जोडून ठेवा, परक्या देशात रात्री मुलाला घेऊन दवाखान्यात धावताना दुसऱ्या मुलाला सांभाळायला शेजारच लागतो.

फोनबद्दलही थोडं सांगते. "बोल ना, आजीशी बोल" असं मुलाला ढकलत फोनसमोर उभं करू नका. ते "मी बरा आहे" म्हणतं आणि पळतं, आजी तिकडे हिरमुसते. संध्याकाळी इथे सहा वाजतात तेव्हा सांगलीत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात, म्हातारी माणसं पेंगुळलेली असतात. शनिवारी सकाळी नऊला लावा. फोन ओट्याला टेकवून ठेवा आणि दोन्हीकडचं काम चालू राहू द्या. तिकडे आजी भाजी निवडते, इकडे धाकटा पीठ मळतो, मध्ये दहा मिनिटं कोणी बोलत नाही. चालतं. आमच्याकडे आजोबा असा फोन लावून नातवाला पेपरातलं एक पान मोठ्याने वाचायला लावतात. अडखळतो, पण वाचतो.

आणि आई-बाबांना इकडे बोलावता, तेव्हा त्यांना घर सांभाळायला बोलावल्यासारखं ठेवू नका. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. तीन महिने सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बंद घरात, टीव्ही परक्या भाषेतला, रविवारी दुकानं बंद आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझे बाबा पहिल्या खेपेला दुसऱ्याच आठवड्यात परतीची तारीख मोजायला लागले होते. पुढच्या वेळी आम्ही त्यांना मेमध्ये बोलावलं, एक किल्ली त्यांच्या हातात दिली आणि देशभर बस-लोकलला चालणारं महिन्याचं डॉइचलांडटिकेट काढून दिलं. २०२३ च्या मेमध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ पासून ६३ ला आहे. खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवून बाबा रोज सकाळी बसने निघायचे. महिन्याभरात बेकरीतली बाई त्यांना नावाने हाक मारायला लागली. विम्याबद्दल मात्र हयगय नको. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा लागतोच, पण जुन्या दुखण्यांचा खर्च बहुतेक विमे देत नाहीत. बीपी-साखरेच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर पंधरा दिवसांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणायला सांगा.

शेवटी दोन शब्द तिकडच्या माणसांना, कारण हे त्यांच्याशिवाय होणार नाही. काकू, मावशी, आत्या, तुमची माया आम्हाला कळते. पण पोरं आली की त्यांना आपल्याकडे जेवायला बोलावण्याऐवजी तुम्हीच त्यांच्या आजीकडे या. हात हलवत या, ओटी-साडी नको. संध्याकाळी अंगणात बसा, पोरांना अंगतपंगत दाखवा, जुनी भांडणं सांगा. आमच्याकडे आता ठरूनच गेलं आहे. कोणी विचारलं, "आमच्याकडे कधी येताय?" तर आई म्हणते, "रविवारी सहाला तुम्हीच या. भेळ करणार आहे. कांदा चिरायला थोडं आधी आलात तर बरं."